तेराव्या वर्षी घेतलेल्या शारीरिक चाचणीवरून मुलाची कारक क्षमता कितपत कळते?

अपर्णा_नाशिक (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा यंदा आठवीत असून त्याला नुकतेच तेरावे वर्ष पूर्ण झाले आहे. त्याच्या शाळेत 'खेलो इंडिया'च्या धर्तीवर सर्व विद्यार्थ्यांची शारीरिक क्षमता चाचणी घेण्यात आली आणि तिचे पत्रक घरी आले. त्यात उंची १४६ सेंटीमीटर, वजन ३५ किलो, ५० मीटर धाव ९.३ सेकंद, ६०० मीटर धाव ३ मिनिटे ५ सेकंद अशा नोंदी आहेत. बसून पुढे वाकण्याच्या चाचणीत आणि जोर काढण्यातही तो वर्गाच्या मागेच राहिला आहे. पत्रकाच्या तळाशी 'कारक क्षमता (म्हणजे शरीराच्या हालचालींची क्षमता) सरासरीपेक्षा कमी' असा एका ओळीचा शेरा आहे आणि पालकसभेत मला असे सुचवण्यात आले की, याला खेळात फारसे पुढे ढकलू नये.

मला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, हाच मुलगा टेबल टेनिस चांगला खेळतो, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये अवघड झेल सहज घेतो आणि नवी हालचाल एकदा पाहून उचलतो. त्याच्याच वर्गातला आमच्या शेजारचा मुलगा सर्व चाचण्यांत पहिला आला आहे. तो वयाने जेमतेम दोन महिन्यांनी मोठा आहे, पण त्याची उंची १६५ सेंटीमीटर आहे, आवाज फुटला आहे आणि मिसरूडही दिसू लागले आहे.

या चाचण्या नेमके काय मोजतात, आणि असा शेरा देण्याइतका आधार त्यांच्यात असतो का, हे मला समजून घ्यायचे आहे. मुलगी सहावीत आहे. तिचीही चाचणी पुढच्या महिन्यात होणार आहे, त्यामुळे मुलींच्या बाबतीत काही वेगळे लक्षात घ्यायचे असल्यास तेही कृपया सांगावे.

क्रीडाशिक्षक_सांगली

अपर्णाताई, मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि दरवर्षी या चाचण्या घेतो, म्हणून त्यांच्या बाजूने आणि त्यांच्या मर्यादेबद्दल अशा दोन्ही गोष्टी लिहितो.

सर्वप्रथम त्या चाचणीसंचात काय आहे आणि काय नाही, ते पाहू. 'खेलो इंडिया'च्या शालेय मूल्यमापनात ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी शरीर-वस्तुमान निर्देशांकाबरोबर (बीएमआय) दोन चाचण्या आहेत. एका अरुंद पट्टीवर एका पायाने तोल सांभाळण्याची फ्लेमिंगो चाचणी ही पहिली, आणि दोन तबकड्यांवर आळीपाळीने झपाझप हात टेकवण्याची प्लेट टॅपिंग ही दुसरी. पहिलीतून तोल कळतो, दुसरीतून हाताच्या हालचालीचा वेग आणि डोळा व हात यांचा समन्वय कळतो. नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी मात्र संच बदलतो. तेथे शरीर-वस्तुमान निर्देशांक, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाच्या स्नायूंसाठी अर्धे उठणे म्हणजे पार्शल कर्ल-अप, आणि मुलांसाठी जोर व मुलींसाठी गुडघे टेकून काढायचे जोर, एवढेच आहे. म्हणजे वेग, हृदय-श्वसनाचा दमदारपणा, लवचीकता आणि स्नायूंचा दमदारपणा मोजला जातो, पण तोल, समन्वय, चपळता, प्रतिक्रियेचा वेग आणि पायांची स्फोटक ताकद यांपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे मोजली जात नाही.

हा दोष नव्हे. या संचाचा हेतू मुलांच्या आरोग्याशी निगडित सुदृढतेचा अंदाज घेणे हा आहे आणि त्यासाठी तो बऱ्यापैकी उपयोगी पडतो. परंतु या सहा नोंदींवरून 'कारक क्षमता कमी' असा शेरा लिहिला, तर जे मोजलेच नाही त्याबद्दल निकाल दिल्यासारखे होते. तुमचा मुलगा झेल घेताना आणि टेबल टेनिस खेळताना जे दाखवतो आहे, ते म्हणजे समन्वय, चेंडूचा अंदाज आणि प्रतिक्रियेचा वेग. पत्रकात यांपैकी कशासाठीही रकाना नाही.

कारक क्षमता खरोखर पाहायच्या असतील, तर आणखी तीन-चार सोप्या चाचण्या जोडाव्या लागतात आणि त्यांना महागडे साहित्य लागत नाही. जागेवरून लांब उडीने पायांची स्फोटक ताकद दिसते. दहा मीटर अंतरावर दोन रेषा आखून चार फेऱ्यांची शटल रन घेतली की चपळता दिसते, कारण तेथे धावण्यापेक्षा थांबणे, वाकणे आणि वळणे यांतच मुले वेळ गमावतात. भिंतीपासून दोन मीटरवर उभे राहून एका हाताने टेनिसचा चेंडू भिंतीवर टाकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, अर्ध्या मिनिटात किती झेल होतात ते मोजायचे, म्हणजे समन्वय दिसतो. तोलासाठी फ्लेमिंगोची पट्टी मोठ्या मुलांनाही चालते. शारीरिक शिक्षणाची बी. पी. एड. पदवी घेतलेल्या आमच्या पिढ्यांना बॅरोची चाचणी तोंडपाठ असते. जागेवरून लांब उडी, नागमोडी धाव आणि मेडिसिन बॉल फेक ही तिची तीन अंगे शाळेच्या मैदानावर तासाभरात एका तुकडीची घेऊन होतात.

आता मोजण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण बरेचसे पाणी तेथेच मुरते. ५० मीटर धाव घेताना शिक्षक आरंभरेषेजवळ शिट्टी वाजवतात आणि दुसरे शिक्षक समाप्तीरेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभे असतात. आवाजाला ५० मीटर जायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो, म्हणून शिट्टीच्या आवाजावर घड्याळ सुरू केले, तर प्रत्येक मुलाची वेळ तेवढी कमी नोंदली जाते. हात किंवा झेंडी खाली येताना पाहून घड्याळ सुरू केले, तर ही चूक टळते. त्यात घड्याळ धरणाऱ्याच्या अंगठ्याचा फरक मिसळतो. दोन शिक्षकांनी एकाच धावेची वेळ घेतली, तर दोन-तीन दशांश सेकंदांचा फरक सहज पडतो. तेराव्या वर्षी एका श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जायला एवढा फरक पुरेसा ठरू शकतो. कोणी बूट घालून धावते, कोणी अनवाणी धावते. फक्कीची रेषा पुसट झालेली असली, तर शेवटची काही मुले रेषेच्या आधीच वेग कमी करतात.

६०० मीटरची गोष्ट आणखी अवघड आहे. बहुतेक शाळांत सरळ धावपट्टी नसते, त्यामुळे लहान मैदानाला चार-पाच फेऱ्या माराव्या लागतात, कोपऱ्यावर वेग मोडतो आणि फेऱ्यांच्या मोजणीत घोळ होतो. बहुतेक मुले पहिली फेरी जिवाच्या आकांताने धावतात आणि तिसऱ्या फेरीत चालू लागतात. त्यांच्या वेळेत हृदय-श्वसनाची क्षमता जेवढी असते, तेवढाच वेग राखण्याचा अंदाजही असतो, आणि तो सरावाने येतो. वीस मीटरची शटल चाचणी या बाबतीत मला अधिक न्याय्य वाटते. तिच्यात ध्वनिफितीवरचा 'बीप' वेग ठरवतो, सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने होते आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वेग वाढत जातो, त्यामुळे पहिल्याच फेरीत दम घालवण्याची सोय मुलाला राहत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे चाचणी म्हटले की पोलीस भरतीचे मैदान डोळ्यांसमोर येते. तेथे १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांचे गुण मिळवून माणसे निवडायची असतात आणि उरलेल्यांना परत पाठवायचे असते. शाळेत कोणालाही परत पाठवायचे नसते. तरीही आपण नकळत तीच नजर शाळेच्या मैदानावर आणतो, आणि मग तेरा वर्षांच्या मुलाच्या पत्रकावर असे शेरे उमटतात.

क्रीडाविज्ञान_अभ्यासक

वरील सरांनी संचाबद्दल लिहिले आहे ते पटते. मी वाढीच्या अंगाने थोडे लिहितो, कारण अपर्णाताईंच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती धावेच्या वेळांत नसून १४६ आणि १६५ सेंटीमीटर या दोन आकड्यांत आहे.

जन्मतारखेवरून मोजलेले वय आणि शरीराच्या परिपक्वतेचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, परंतु ही निव्वळ सरासरी आहे. पूर्णपणे निरोगी मुलांमध्येही हा काळ दोन-दोन वर्षे अलीकडे किंवा पलीकडे सरकतो. त्यामुळे आठवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या शरीरांत तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. शेजारच्या मुलाचा आवाज फुटला आहे, मिसरूड आले आहे, म्हणजे त्याच्या वाढीचा झपाटा बहुधा येऊन गेला आहे किंवा ऐन भरात आहे. तुमच्या मुलाचा तो अजून सुरू व्हायचा असण्याची दाट शक्यता आहे. या दोघांची ५० मीटरची वेळ शेजारी शेजारी ठेवली, तर कोण आधी वयात आला एवढेच त्यातून ठामपणे कळते.

ही वाढ सर्व क्षमतांवर एकाच वेळी परिणाम करत नाही, आणि चाचणीचे आकडे वाचताना नेमके हेच विसरले जाते. स्नायूंची ताकद सर्वाधिक वेगाने वाढते ती उंचीचा झपाटा येऊन गेल्यावर, काही महिन्यांपासून वर्षभराच्या अंतराने. म्हणून ताडमाड वाढलेला एखादा मुलगा काही काळ जोर काढताना थरथरतो. लांबी आलेली असते, पण ती उचलायला लागणारे बळ अजून यायचे असते. पाय आधी लांब होतात आणि धड मागाहून वाढते, त्यामुळे बसून पुढे वाकण्याच्या चाचणीत या काळात बोटे पूर्वीपेक्षा कमी अंतरावर पोहोचू शकतात आणि लवचीकता घटली असा समज होतो. काही मुलांच्या हालचाली या टप्प्यात तात्पुरत्या बोजड होतात, आधी सहज जमणाऱ्या गोष्टी चुकू लागतात. प्रशिक्षकाने हे आळसाच्या खात्यात टाकले, तर मुलगा मैदानावर येणेच सोडतो.

उशिरा वयात येणाऱ्यांचे पुढे काय होते, यावर बेल्जियममधील लूव्हेन येथे केलेला दीर्घ अभ्यास फार बोलका आहे. तेथे मुलांना पौगंडावस्थेत दरवर्षी मोजले गेले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तिशीत पुन्हा मोजले गेले. लवकर वयात आलेल्या मुलांची किशोरवयातली ताकदीची आघाडी तिशीपर्यंत टिकली नव्हती, उलट स्फोटक ताकदीसारख्या काही बाबतींत उशिरा वयात आलेलेच पुढे होते. तेराव्या वर्षीच्या क्रमवारीवरून 'खेळात पुढे ढकलू नये' असा सल्ला देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

दुसरा मुद्दा 'कारक क्षमता' या एकवचनाबद्दल आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासकांची अशी धारणा होती की, बुद्ध्यंकाप्रमाणे माणसाची एकच सर्वसाधारण कारक क्षमता असते आणि ती एका आकड्यात मांडता येते. अमेरिकेतील ब्रेसची १९२७ची चाचणी आणि वर उल्लेख झालेली बॅरोची १९५४ची चाचणी याच विचारपरंपरेतल्या आहेत. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रँकलिन हेन्री यांनी दाखवून दिले की, एका कारक कामातील प्रावीण्याचा दुसऱ्या कामातील प्रावीण्याशी असलेला संबंध अनेकदा नगण्य असतो. एडविन फ्लाइशमन यांनी १९६०च्या दशकात किशोरवयीन मुलामुलींच्या मोठ्या गटावर केलेल्या चाचण्यांच्या विश्लेषणातून ताकदीचेच तीन-चार स्वतंत्र प्रकार आणि त्याशिवाय लवचीकता, तोल, समन्वय, दमदारपणा असे वेगवेगळे घटक पुढे आले. एखादा मुलगा उडीत उत्तम आणि तोलात सामान्य असू शकतो. या सगळ्यांची बेरीज करून एक श्रेणी दिली की, मुलाबद्दलची सर्वांत उपयुक्त माहिती त्या बेरजेत बुडून जाते.

चाचणीचा अर्थ तिच्या कक्षेबाहेर ताणला की काय होते, याचे इतिहासातले उदाहरण क्राउस-वेबर चाचणीचे आहे. ही सहा भागांची चाचणी मुळात पाठदुखीच्या रुग्णांसाठी तयार झाली होती आणि धडाच्या स्नायूंची किमान ताकद व लवचीकता एवढेच ती पाहत असे. १९५०च्या दशकात हान्स क्राउस आणि त्यांच्या सहकारी रूथ हिर्शलँड यांनी ती शाळकरी मुलांवर घेतली, तेव्हा अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मुले किमान एका भागात अनुत्तीर्ण झाली, तर युरोपातील मुलांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. देशभर खळबळ उडाली, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये तरुणांच्या सुदृढतेसाठी परिषद स्थापन केली आणि १९५८ मध्ये आहपर या शारीरिक शिक्षणाच्या अमेरिकी संस्थेची युवक सुदृढता चाचणी राष्ट्रीय मानकांसह आली. यातून शारीरिक शिक्षणाचे भले झाले हे खरेच. पण अनुत्तीर्णांतली बरीच मुले उभे राहून, गुडघे न वाकवता, पायाच्या बोटांपर्यंत वाकता न आल्यामुळे तशी ठरली होती. वेग, चपळता किंवा दम याबद्दल त्या चाचणीत एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

असे असले तरी चाचण्या निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी १६ ते १९ वयाच्या दहा लाखांहून अधिक मुलांची पकड, कोपर आणि गुडघा यांची ताकद मोजलेली होती आणि त्यांचा पुढे कित्येक वर्षे पाठपुरावा झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात कमी ताकद असलेल्या गटात अकाली मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, आणि वजन व रक्तदाब लक्षात घेतल्यावरही हा संबंध उरला. म्हणजे किशोरवयातील ताकदीचा आकडा आयुष्याशी जोडलेला असतो, पण तो कोणत्या वयात आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर घेतला हे कळल्याशिवाय वाचता येत नाही.

खोखो_प्रशिक्षिका

अपर्णाताई, मुलीबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते.

सहावीतल्या मुली बऱ्याचदा याच चाचण्यांत मुलांच्या बरोबरीने किंवा पुढेही असतात, कारण त्यांची वाढ आधी सुरू झालेली असते. मग तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर धाव आणि दम यांचे आकडे सपाट होऊ लागतात. याला शारीरिक कारण आहे. मुलांमध्ये या वयात स्नायू झपाट्याने वाढतात, तर मुलींमध्ये चरबीचे प्रमाण निसर्गतः वाढते आणि कंबरेची ठेवण बदलते. परंतु सपाटीचा सगळा भार शरीरावर टाकणे मला मान्य नाही. ज्या मुली आमच्याकडे खो-खोला टिकून राहतात, त्यांची चपळता आणि दम दहावीपर्यंत वाढत जाताना मी पाहते, आणि त्यांच्याच वर्गातल्या, मैदान सोडलेल्या मुलींचे आकडे घसरताना पाहते. मैदान का सुटते, तर संध्याकाळचा क्लास, घरची कामे, पाळीच्या दिवसांतली भीती, अंगाला नीट न बसणारा गणवेश आणि मैदानाच्या कडेला उभी राहून पाहणारी मुले, ही त्याची कारणे आहेत. चाचणीच्या पत्रकात यांतले काहीही लिहिलेले नसते, आकडा मात्र मुलीच्या नावावर जमा होतो.

तेव्हा शाळेला दोन विनंत्या जरूर करा. मुलीला त्या दिवशी धावायचे नसेल, तर कारण न विचारता दुसरा दिवस द्यावा. आणि चाचणी अख्ख्या वर्गासमोर एकेकीला उभे करून घेऊ नये. मैदानावर चार-पाच ठिकाणी वेगवेगळ्या चाचण्या मांडून लहान गट फिरवले, तर कोणाचे किती जोर झाले हे सगळ्यांना ओरडून सांगण्याची वेळ येत नाही आणि मुली मोकळेपणाने जोर लावतात. आकडा खरा हवा असेल, तर मुलीने पूर्ण ताकद लावायला हवी, आणि हसे होण्याची भीती असताना कोणीही ती लावत नाही.

चाचणीच्या आधी एक-दोन तास तरी नुसता परिचयाचा सराव द्यायला हवा. कर्ल-अप प्रथमच करणारी मुलगी पहिल्या पाच-सहा वेळांत ते कसे करायचे हेच शिकत असते, तेवढ्यात वेळ संपते. खो-खोत खांबाला वळसा घालताना शरीर कसे झुकवायचे, उठताना कोणता पाय आधी टाकायचा, हे ज्या मुलीच्या अंगात भिनलेले आहे, ती शटल रनमध्ये आपोआप चांगली वेळ देते. त्यामुळे चाचणीत क्षमता किती आणि सराव किती, हे पाहणाऱ्याला ठरवावे लागते. लंगडी, आट्यापाट्या, खो-खो यांसारखे खेळ प्राथमिक शाळेपासून खेळलेली मुले तोल आणि दिशा बदलण्यात सरस असतात, असे मला मैदानावर नेहमी दिसते.

अपर्णा_नाशिक

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिलेत, मनापासून आभार. उंचीच्या झपाट्याबद्दल वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. माझ्या यजमानांच्या बाबतीतही तसेच झाले होते, त्यांची उंची अकरावी-बारावीत वाढली असे सासूबाई सांगतात.

आणखी दोन गोष्टी विचारते. पत्रकात शरीर-वस्तुमान निर्देशांक १६.४ आहे आणि त्याला 'योग्य' म्हटले आहे, त्यावर विसंबावे का? आणि पुढची दोन-तीन वर्षे घरच्या घरी काही नोंद ठेवायची झाली, तर काय ठेवावी? त्याला व्यायामशाळेत घालावे, असेही काही जण सुचवतात.

क्रीडाविज्ञान_अभ्यासक

आधी निर्देशांकाबद्दल. उंचीच्या मानाने वजन किती एवढेच तो सांगतो, त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे सांगत नाही. हा फरक भारतीयांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे, आणि तो जगापुढे ठसठशीतपणे मांडणारे काम पुण्यातूनच झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. चरबीचे प्रमाण मात्र डॉ. याज्ञिकांचे २१.२ टक्के आणि युडकिन यांचे ९.१ टक्के भरले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली त्यांनी स्वतःच्या छायाचित्रासह हे प्रसिद्ध केले. तेव्हा 'योग्य' या शब्दाने निश्चिंत होऊ नये आणि घाबरूही नये. किशोरवयात निर्देशांक वयाबरोबर बदलत असतो, म्हणून तो नेहमी वय आणि लिंग यांनुसार आखलेल्या वाढीच्या आलेखावरच पाहावा. मुलाचा बिंदू गेली काही वर्षे त्याच वक्ररेषेच्या आसपास चालत आला असेल, तर काळजीचे कारण दिसत नाही. उंची मात्र वर्षभरात अगदीच वाढली नाही, किंवा चौदा वर्षे पूर्ण होऊनही वयात येण्याची कोणतीही खूण दिसली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

घरी ठेवायच्या नोंदींत सर्वांत उपयोगी आहे ती उंची, आणि तीही दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, भिंतीला टाच टेकवून घेतलेली. त्याबरोबर बसून उंची घ्यावी. पाट किंवा सपाट स्टूल भिंतीशी लावून मुलाला ताठ बसवावे, बैठकीपासून डोक्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि एकूण उंचीतून ते वजा करून पायांची लांबी काढावी. पाय झपाट्याने वाढू लागले की झपाटा सुरू झाला असे समजावे, आणि नंतर धड त्याला गाठू लागले की झपाटा उताराला लागला असे समजावे. वय, उंची, बसून उंची आणि वजन यांवरून झपाट्याच्या शिखरापासून मूल किती दूर आहे, याचा अंदाज देणारे समीकरण कॅनडातील मिरवाल्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडले. ते गोऱ्या वंशाच्या मुलांच्या नोंदींवर आधारलेले आहे आणि फार लवकर किंवा फार उशिरा वयात येणाऱ्यांच्या बाबतीत कमी अचूक ठरते, म्हणून त्याचे उत्तर ढोबळ मानावे.

चाचण्यांपैकी जागेवरून लांब उडी, चार गुणिले दहा मीटरची शटल रन आणि भिंतीवरचा चेंडू या तीन पुरेत. वर्षातून दोनदा, त्याच जागी, त्याच बुटांत, दोन-दोन प्रयत्न देऊन चांगला प्रयत्न लिहून ठेवावा आणि शेजारी त्या दिवशीची उंची लिहावी. तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशीच करावी. उंची वेगाने वाढत असताना शटल रनची वेळ जागीच राहिली किंवा किंचित घसरली, तरी सराव बदलू नये. उंची थांबत आली असूनही वेळ सुधारत नसेल, तेव्हा सरावात काय कमी पडते ते पाहावे.

क्रीडाशिक्षक_सांगली

व्यायामशाळेबद्दल मी लिहितो. तेराव्या वर्षी स्वतःच्या शरीराच्या वजनाचे व्यायाम, म्हणजे जोर, बैठका, लोंबकळणे, दोरीवरच्या उड्या आणि चढावर धावणे, जाणकाराच्या देखरेखीखाली खुशाल करावेत. वजने उचलल्याने उंची खुंटते हा समज खरा नाही. मात्र पद्धत न शिकवता जड वजने हाती देणारी व्यायामशाळा या वयासाठी टाळावी. झपाटा ऐन भरात असताना गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखू लागले, तर उड्या आणि धावणे काही आठवडे कमी करावे. या वयात स्नायूबंध जेथे हाडाला जुळतात, तो भाग नाजूक असतो.

टेबल टेनिस सोडू देऊ नका. शाळेशी बोलताना शेऱ्यावरून वाद घालण्यापेक्षा सरांना एवढेच विचारा की, उडी, शटल रन आणि चेंडूच्या चाचण्या पुढच्या सत्रात जोडता येतील का. साहित्य म्हणजे मोजपट्टी, टेनिसचे दोन चेंडू आणि थोडी फक्की, त्यामुळे नाही म्हणण्यासारखे काही नाही. त्यांना नोंदीचा तक्ता हवा असल्यास मी माझ्या शाळेत वापरतो तो येथे टाकतो. त्यात उंचीचा रकाना चाचणीच्या रकान्यांच्या आधी घेतलेला आहे.